लालबाई आणि रिकामा पडदा

मोठी कंपनी बरी की छोटी, हा प्रश्न लोक फार हौसेने विचारतात. संगणकाचे प्रोग्रॅम लिहिणारं माणूस दिसलं की त्याला लग्नात, लिफ्टमध्ये, दवाखान्याच्या बाकावर, कुठेही गाठून विचारतात. विचारणाऱ्याकडे उत्तर तयारच असतं. ज्याचा भाऊ मोठ्या कंपनीत, तो म्हणतो मोठी. ज्याच्या मेव्हण्याने स्वतःची कंपनी काढली, तो म्हणतो छोटी. आणि जिला रोज सकाळी उठून तिथे जायचंय ती बोलायला लागली, की यांना एकदम आठवतं, अरेच्चा, उशीर झाला.

जिची ही गोष्ट आहे तिला ऑफिसात सगळे लालबाई म्हणत. कपड्यांवरून नव्हे, कपडे ती बहुतेक करडेच घालायची. रागावरूनही नव्हे, कारण राग आला की ती लाल होण्याऐवजी पांढरी पडायची. हे नाव तिला सोमवारच्या मीटिंगने दिलं.

सोमवारी सकाळी सगळा विभाग काचेच्या खोलीत जमायचा. भिंतीवरच्या पडद्यावर कामांची यादी असायची. प्रत्येक कामाची एक ओळ आणि ओळीच्या शेवटी एक रंगीत चौकोन. हिरवा म्हणजे सगळं ठीक, पिवळा म्हणजे लक्ष असू द्या, लाल म्हणजे धोका. रंग तीन होते, पण लागायचा एकच. कारण लाल चौकोन लावला की माणसाला मीटिंगनंतर थांबवून घेत, मग वरच्या मजल्यावर नेत, मग त्याहून वरच्या. तिथे कोणी विचारत नसे की धोका काय आहे. विचारत ते एवढंच, की लाल का लावलं? एकदा हा अनुभव घेतला की माणूस शहाणा व्हायचा. काम चुलीत गेलं तरी चौकोन हिरवागार.

या विभागाच्या प्रमुखाला लोक पाठीमागे 'हिरवळ' म्हणत. साहेब पाय ठेवतील तिथे हिरवळ उगवते, असं कोणीतरी म्हणालं आणि ते चिकटलं. माणूस वाईट नव्हता, आणि लालबाईला याचाच जास्त राग यायचा. दुष्ट माणसाशी निदान भांडता तरी येतं. हिरवळ साहेब सगळ्यांचे वाढदिवस लक्षात ठेवायचे, आजारपणात सुट्टी द्यायचे, आवाज कधी चढवायचे नाहीत. फक्त लाल चौकोन दिसला की कोणी टेबलावर मेलेला उंदीर आणून ठेवल्यासारखं तोंड करायचे.

लालबाईच्या वाट्याला आलेलं काम होतं शाळेच्या बसचं ॲप. मूल बसमधून उतरलं की बसमधली मावशी आपल्या फोनवर त्याच्या नावावर बोट ठेवते आणि घरी आईबापांच्या फोनवर निरोप येतो, 'तुमचं मूल उतरलं.' झालं. एवढंच काम. कितीतरी शाळांनी ते घेतलं होतं, आणि कंपनीतल्या आईबापांना तर ते फुकट होतं.

आता बसचं किंवा घरच्या फोनचं नेटवर्क गेलं तर निरोप येणार नाही. मग पडद्यावर काय दिसावं? काहीही दिसू नये, नाहीतर 'कळत नाही' असं दिसावं. पण हे ॲप पडदा रिकामा ठेवतच नव्हतं. ते शेवटचा आलेला निरोप, म्हणजे आदल्या दिवशीचा, उचलायचं, त्याला आजची तारीख चिकटवायचं आणि खुशाल दाखवायचं, 'तुमचं मूल उतरलं.'

हा प्रकार मुळात एका प्रदर्शनासाठी केलेला. एका मोठ्या शाळेच्या मंडळींना ॲप दाखवताना ऐन वेळी नेटवर्क गेलं, पडदा कोरा झाला आणि हिरवळ साहेबांचा घसा कोरडा पडला. दुसऱ्या भेटीच्या आधी, कोणाची परवानगी लागत नव्हती त्या दिवसांत, टीममधल्या एका चलाख पोराने दोन ओळी घातल्या. पडदा पुन्हा कोरा पडला नाही. शाळेने ॲप घेतलं, पोराला वर्षाच्या उत्तम युक्तीचं बक्षीस मिळालं, काचेच्या बाहुलीसकट. ओळी काढायच्या मात्र राहून गेल्या. या धंद्यात हे रोजचंच आहे. मांडवासाठी रोवलेला खांब घराचा वासा होऊन बसतो आणि मग कोणी त्याला हात लावत नाही.

ते पोरगं पुढे नोकरी सोडून गेलं, त्याचं काम लालबाईकडे आलं, आणि त्या दोन ओळी वाचून ती पांढरी पडली. सोमवारी तिने आपल्या ओळीपुढे लाल चौकोन लावला.

"हे लाल का?" साहेबांनी अगदी मऊ आवाजात विचारलं.

"कारण ॲप खोटं बोलतंय, सर."

"अहो, खोटं काय म्हणता! कोणाची तक्रार आली आहे का?"

"येणार कशी? मूल रोज उतरतंच. ज्या दिवशी उतरणार नाही त्या दिवशी येईल."

"मग आपण त्याला पिवळं करू या. लक्ष ठेवू."

पुढच्या सोमवारी तो चौकोन हिरवा झालेला होता. कोणी केला, कोणालाच ठाऊक नाही. तिने पुन्हा लाल केला. तो पुन्हा हिरवा झाला. असे महिने गेले, आणि तिला लालबाई हे नाव पडलं. लोक हसायचे. हसणाऱ्यांत वाईट मनाचं कोणी नव्हतं, पण तिच्या बाजूने तोंड उघडणारंही कोणी नव्हतं.

मग तिने स्वतःच त्या दोन ओळी का काढून टाकल्या नाहीत? कारण तिथे एक स्वल्पविराम हलवायचा तरी बदल-समितीपुढे जावं लागे. समिती मंगळवारी बसे. तिच्यापुढे अर्ज हवा, अर्जात बदलाचं कारण हवं, तपासणीचा अहवाल हवा, काम करणाऱ्याची सही हवी आणि साहेबांची मान्यता हवी. साहेब मान्यता देत नव्हते, कारण चौकोन हिरवा होता. आणि जे हिरवं आहे ते दुरुस्त कशाला करायचं? सांगा आता, या माणसांपुढे डोकं फोडायचं की भिंतीवर? भिंतीवर फोडलं तर निदान आवाज तरी होतो.

अशात त्या बक्षीसवाल्या पोराचा फोन आला. त्याला सगळे 'झटपट' म्हणत. काहीही सांगितलं की "झटपट करून टाकू" हे त्याचं ठरलेलं उत्तर. त्याने आता स्वतःची कंपनी काढली होती.

"ताई, या इकडे," तो म्हणाला. "इथे चौकोन नाहीत, समिती नाही, साहेब नाही. तुम्ही म्हणाल ती पूर्व. बोललं की झालं."

बोललं की झालं! तहानलेल्या माणसाला पाण्याचा आवाज ऐकू यावा तसं तिला झालं. तिने घरी सांगितलं आणि रविवारी घरात सभा भरली.

तिचे वडील टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले. आयुष्यभर एकाच खुर्चीत बसले आणि ती खुर्ची मोडली तेव्हा दुसरी मागवायला त्यांनीच अर्ज लिहिला. ते म्हणाले, "पोरी, हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागू नये. ही छोटी दुकानं आज आहेत, उद्या नाहीत."

तिचा नवरा शाळेत चित्रकला शिकवायचा. तो म्हणाला, "तू इथे राहा नाहीतर तिथे जा. फक्त सोमवारी घरी येऊन भांडी आपटू नकोस. काचेची तर संपतच आली आता."

धाकटी बहीण खिदळली. ती त्याच शहरात राहायची, घरी बसून शिवणकाम करायची, आणि तिची मुलगी ठकू नुकतीच मोठ्या शाळेत जायला लागली होती. "ताई, तुझं ॲप मात्र झकास आहे हं," ती म्हणाली. "बस येते तेव्हा नेमकी मी मशीनवर असते. शेजारच्या आजी त्यांच्या नातवाबरोबर ठकूलाही फाटकावरून घेऊन येतात आणि मला फोनवर कळतं, उतरली म्हणून. मला उठावंच लागत नाही."

"त्यावर विसंबू नकोस," लालबाई म्हणाली.

"अगं, तूच बनवतेस ना ते?"

आपण बनवलेल्या वस्तूवर भरवसा ठेवू नका, असं घरच्यांना सांगायची वेळ यावी, याहून मोठी नामुष्की कोणती? तिने मनाशी ठरवलं, बस झालं आता, जायचंच इथून. झटपटला ती म्हणाली, शनिवारी येऊन बघते आणि मग पक्कं सांगते.

झटपटचं ऑफिस एका गाद्यांच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर होतं. जिना चढून गेलं की एक लांब खोली, मध्ये मोठं टेबल, बाजूला पोत्यांसारख्या फुगीर खुर्च्या. त्यांत बसणं सोपं, उठताना मात्र कोणाला तरी हात द्यावा लागे. कोपऱ्यात एक पितळी घंटा टांगलेली. नवं गिऱ्हाईक आलं की ती वाजवायची आणि सगळ्यांनी टाळ्या पिटायच्या. शनिवारची दुपार असूनही सगळे कामाला होते. एक मुलगी शाल पांघरून, नाक पुसत टाइप करत होती. तिला ताप होता हे लांबूनही कळत होतं.

"ही घरी का नाही गेली?" लालबाईने विचारलं.

"ताई, आम्ही सगळे एक कुटुंब आहोत," झटपट अभिमानाने म्हणाला.

लालबाईच्या मनात आलं, बरोबर आहे, कुटुंबात सुट्टीचा अर्ज नसतो. पण कुटुंबात ताप आलेल्या पोरीला कोणीतरी झोप म्हणून दटावतं तरी! ते ती बोलली नाही. पहिल्याच दिवशी वाकड्यात शिरायला नको. भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'आधी धावा, मग बघा.' तिकडेही तिने कानाडोळा केला.

"आणि बनवताय काय?" तिने विचारलं.

"बसचं ॲप! लहान शाळांसाठी. आपल्या जुन्या कंपनीला लहान शाळांकडे बघायला वेळ कुठे आहे?"

त्याने फोन तिच्या हातात दिला. ॲप देखणं होतं यात शंका नाही. रंग छान, अक्षरं मोठी, बोट लावावं तिकडे चटकन जाणारं. तिने फोन त्याला परत दिला.

"नेटवर्क बंद कर बघू."

त्याने बंद केलं. पडद्यावर निरोप झळकला, 'तुमचं मूल उतरलं', खाली आजची तारीख. आज शनिवार. शाळेला सुट्टी. रस्त्यावर एक बस नाही की एक मूल नाही.

झटपट मोठ्याने हसला. "ओळखलंत ना? माझीच ती युक्ती, ताई! बक्षीसवाली. येताना डोक्यात घेऊन आलो."

"काढ ती."

"काढू ना. पुढच्या महिन्यात नक्की. परवा एक मोठी शाळा बघायला येतेय. ऐन वेळी पडदा कोरा दिसला तर?"

"आणि मूल नाही उतरलं तर?"

"ताई, तुम्ही अजून जुन्या कंपनीतच आहात बघा," तो प्रेमाने म्हणाला. "आधी शाळा तर येऊ दे. मग सुधारू की झटपट."

ती जिना उतरली तेव्हा तळपायाची आग मस्तकात गेली होती. तिथे सतराशे साठ सह्यांशिवाय खोटं बाहेर निघत नाही, आणि इथे खोटं आत घालायला एक सही लागत नाही. तिथला माणूस मऊ बोलून अडवतो, इथला ताई ताई म्हणून. दोघांनाही भीती एकच, पडदा रिकामा दिसला तर! पोरं कुठे आहेत याची भीती कोणालाच नाही. आणि जग तिला विचारतंय, मोठी बरी की छोटी? इकडे आड, तिकडे विहीर, आणि काठावर उभं राहून लोक विचारतात की पाणी कुठलं गोड.

झटपटला तिने नाही म्हटलं नाही आणि हो पण म्हटलं नाही. थोडे दिवस दे, म्हणाली.

पुढच्याच आठवड्यात एका दुपारी धाकटीचा फोन आला. आवाज विचित्र होता, रडू येण्याआधी येतो तसा.

"ताई, ठकू उतरली म्हणून दाखवतंय. मला वाटलं आजींकडे खेळत बसली असेल. आत्ता आणायला गेले तर आजी म्हणतात, ती आज बसमधून उतरलीच नाही, त्यांना वाटलं शाळेलाच गेली नसेल. पण फोनवर तर दिसतंय गं, उतरली म्हणून! मग कुठे गेली?"

लालबाईला एका क्षणात सगळं कळलं. इतक्या सोमवारी जे ती सांगत आली होती, ते आता तिच्याच बहिणीच्या तोंडून तिच्या कानात शिरत होतं. "फोनकडे बघू नकोस," ती ओरडली. सगळं ऑफिस वळून बघायला लागलं. "ते खोटं आहे. शाळेला विचार, आणि बस उभ्या करतात तिथे धाव. मी निघालेच."

ठकू सापडली. बसच्या शेवटच्या बाकावर दप्तरावर डोकं ठेवून झोपली होती. बस तळावर आणून, बंद करून उन्हात उभी केली होती. बस धुणारा माणूस बादली घेऊन चढला तेव्हा त्याला ती दिसली, घामाने चिंब, जागी होऊन खिडकीची काच ढकलत होती, पण काच तिच्या ताकदीने सरकत नव्हती. दोन घोट पाणी पोटात गेल्यावर मग कुठे तिला रडता आलं. धाकटीने तिला उचलून घेतलं आणि किती वेळ खाली ठेवलंच नाही.

ठकूला शोधायला कोणी तासभर निघालंच नव्हतं. का? तर बसचं नेटवर्क गेलेलं, आणि फोन म्हणत होता, उतरली. फोनने तोंड मिटून घेतलं असतं तरी आई कधीच उठली असती.

दुसऱ्या दिवशी लालबाई सरळ साहेबांच्या केबिनमध्ये गेली आणि उभ्या उभ्या सगळं सांगितलं. साहेबांचा चेहरा खरोखर उतरला. ते खुर्चीतून उठले, तिला पाणी दिलं.

"बापरे. चूक त्या बसमधल्या बाईची आहे. बाकं तपासायला नकोत? शाळेने तिला घरी बसवलं असेलच."

"बसवलं, सर. पण आपली ओळ?"

"मुलगी सुखरूप आहे ना?"

"आहे."

"मग झालं तर," साहेब सुटकेने म्हणाले. "ओळ तशी हिरवीच की."

हे वाक्य त्यांनी दुष्टपणाने म्हटलं नाही. अगदी मनापासून, तिला धीर द्यावा म्हणून म्हटलं. लालबाई त्यांच्याकडे बघत राहिली. या माणसाला रंग लावता लावता रंग दिसायचाच बंद झाला होता. मेलेल्या पोराशिवाय याचा चौकोन लाल होणार नाही, हे तिला त्या क्षणी लख्ख कळलं. तिने पाण्याचा ग्लास न पिताच टेबलावर ठेवला आणि बाहेर आली.

सोमवारी काचेच्या खोलीत तिची ओळ आली. चौकोन अर्थातच हिरवा होता.

"मला रंगाबद्दल काही बोलायचं नाही," ती म्हणाली. "ज्यांची मुलं आपल्या ॲपवर आहेत त्यांनी फोन काढा. आणि नेटवर्क बंद करा."

कोणाला काही समजेना, पण फोन निघाले. अर्ध्या खोलीत तरी शाळकरी पोरांचे आईबाप होते. सकाळचे अकरा वाजले होते आणि सगळी पोरं वर्गात बसलेली होती. एकेका पडद्यावर निरोप उमटत गेला. 'तुमचं मूल उतरलं.' 'तुमचं मूल उतरलं.' कोणीतरी हसलं आणि लगेच थांबलं. हिरवळ साहेबांची मुलगी त्यांना उशिरा झालेली, जिवापाड लाडकी. साहेब फोनकडे बघत होते.

"सर, तुमची मुलगी उतरली म्हणे," लालबाई म्हणाली. "सकाळी अकरा वाजता शाळेतून कुठे उतरली, तेवढं विचारून घ्या."

मग तपासणीचं काम करणारी एक बाई उठली, नेटवर्क पुन्हा चालू करून फोन कानाला लावत बाहेर गेली. तिच्यामागून आणखी एकजण गेला. काचेपलीकडे माणसं शाळांना फोन करताना दिसत होती. आपणच बनवलेलं खोटं आहे हे ठाऊक असूनही करत होती. शेवटी साहेबही उठले, कोपऱ्यात जाऊन हलक्या आवाजात कोणाशी तरी बोलले, आणि परत येऊन म्हणाले, "अर्ज आणा. मी मान्यता देतो."

ओळी निघाल्या. त्यांच्या जागी काय लिहावं यावर समितीत खल झाला. एक जण म्हणाला, 'माहिती लवकरच उपलब्ध होईल' असं लिहू या. लालबाई म्हणाली, लवकर होईल हे तुम्हाला कोणी सांगितलं? जे आहे तेच लिहा. आणि पडद्यावर यायला लागलं, 'माहीत नाही. बसशी संपर्क नाही.'

आता गंमत पाहा. ॲप खोटं बोलत होतं तोवर एकही तक्रार नव्हती. खरं बोलायला लागलं आणि तक्रारींचा पाऊस पडला. आम्ही काय 'माहीत नाही' ऐकायला हे घेतलं का? आधी किती छान चालत होतं! शाळा चिडल्या, वरच्या मजल्याने विचारणा केली. आणि हिरवळ साहेबांनी आयुष्यात पहिल्यांदा एका ओळीपुढे स्वतःच्या हाताने लाल चौकोन लावला. कशापुढे लावला? खरं बोलणाऱ्या ॲपपुढे! लालबाई ते बघून हसली, पण हसताना तिच्या डोळ्यांत पाणी आलं ते हसण्याचं नव्हतं.

"त्या जुन्या ओळी परत घाला," साहेब म्हणाले. "तात्पुरत्या."

"घालते, सर. पण बदल आहे हा. समितीपुढे जावं लागेल." तिने कोरा अर्ज त्यांच्यापुढे सरकवला. "मी सही करणार नाही, ती दुसऱ्या कोणाची तरी घ्या. आणि बदलाचं कारण तुम्ही लिहा."

साहेबांनी पेन उघडलं. कारण काय लिहिणार? 'आईबापांना कालचा निरोप आजचा म्हणून दाखवण्यासाठी'? त्यांनी पेन बंद केलं. म्हणाले, बघू. विभागातल्या दुसऱ्या एकाकडे त्यांनी सही मागितली, तर तो म्हणाला, सर, माझाही मुलगा शाळेच्या बसनेच येतो. मंगळवार आला आणि गेला, पुढचाही गेला. ज्या समितीने लालबाईला इतके महिने रडवलं, तीच आता साहेबांना आडवी आली होती. इथे काही बाहेर काढायला जितका वेळ लागतो, तितकाच आत घालायला लागतो, हे तिला नव्याने समजलं. समितीबद्दल प्रेम काही तिला वाटलं नाही. आडमुठा बैल एकदा आपल्या दारात चोराला आडवा बसला, म्हणून काही तो गुणी ठरत नाही.

झटपटचा पुन्हा फोन आला. मोठी शाळा त्याच्याकडे आली होती, घंटा वाजली होती.

"ताई, तुमची खुर्ची तशीच ठेवलीय. कधी येताय?"

"त्या दोन ओळी काढल्यास?"

तो म्हणाला, "ताई, तुमच्याशी खोटं नाही बोलणार. तुम्ही आलात आणि त्या काढल्यात, तर कोणी अडवणार नाही. पण संध्याकाळी गिऱ्हाईक ओरडलं, तर मीच परत घालीन. आमच्याकडे तसंच चालतं."

"बोललं की झालं."

"हो ना."

"मग मी इथेच बरी," ती म्हणाली. "आणि तुझ्या शाळांना मी आजच कळवते, नेटवर्क बंद करून बघा म्हणून. तू तुझ्या कुटुंबाला सांगून ठेव."

तो "ताई, ताई" करत राहिला. तिने फोन ठेवला आणि सांगितलं तसंच केलं. त्याच्या शाळांपैकी किती जणांनी बंद करून बघितलं, देव जाणे. एका मुख्याध्यापिकेने मात्र उलट फोन करून आभार मानले.

रविवारी वडील खुश होते. "सांगितलं नव्हतं? हातचं सोडू नये." त्यांना वाटलं, लेकीने खुर्ची राखली. तिने त्यांना काही समजावलं नाही. बढतीच्या यादीत तिचं नाव नव्हतं, आणि 'समन्वय कमी पडतो' असा तिच्याविषयी शेरा मारला गेला होता. समन्वय! तिने ते वाचलं, भांडी घासायला घेतली आणि नवऱ्याने घाईघाईने काचेचा उरलेला एकुलता एक ग्लास उचलून कपाटात ठेवला.

तेवढ्यात धाकटी आली. ठकू तिचा हात धरून होती. त्या दिवसापासून ती आईचा हात सहसा सोडत नसे. धाकटी आल्या आल्या तावातावाने बोलायला लागली.

"ताई, परवा तुझ्या त्या मेल्या फोनवर 'माहीत नाही' आलं. इतका संताप आला म्हणून सांगू! माहीत नाही म्हणजे काय? मशीन तसंच चालू टाकलं, चपलासुद्धा उलटसुलट घातल्या, आणि जाऊन फाटकाशी उभी राहिले."

"मग?"

"मग काय, बस आली. ही उतरली. आणि मला बघून म्हणते कशी, आई, तू कशी काय आलीस?"

लालबाईने नळ बंद केला. "तू काय म्हणालीस?"

"काय म्हणणार? म्हटलं, तू आलीस की नाही ते मला माहीत नव्हतं. म्हणून आले."